टाकीतला जिवंत घोट

सातव्या बाटलीत काहीच नाही, यावर परीक्षेला बसलेल्या सगळ्यांचं एकमत झालं.

परीक्षा नाकाची होती. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात पाहुण्यांना वाइनरी दाखवत फिरणाऱ्या गाइडना ती दर जानेवारीत द्यावी लागे. टेबलावर एक लाकडी पेटी, तिच्यात बोटाएवढ्या बाटल्या आणि प्रत्येक बाटलीत वाइनचा एकेक दोष. ओला पुठ्ठा, व्हिनेगर, नेलपॉलिश, घोड्याचा घाम. डोळे मिटून हुंगायचं आणि कागदावर नाव लिहायचं. केतकी बोरस्ते या परीक्षेत आजवर एकदाही चुकली नव्हती. सातव्या बाटलीपाशी तिनं दोनदा नाक नेलं, जरा थांबून तिसऱ्यांदा नेलं आणि लिहिलं, ‘रिकामी’.

बाकीच्यांनीही तेच लिहिलं होतं. परीक्षकांनी आपल्याकडची यादी पाहिली. सातवी बाटली मर्कॅप्टनची, म्हणजे सडक्या कांद्याच्या वासाची असायला हवी होती. त्यांनी ती स्वतः हुंगली, उजेडात धरून हलवली.

‘उडून गेलंय सगळं,’ ते म्हणाले.

‘सील तर आज सकाळीच फोडलंत ना सर?’

‘मग भरतानाच गडबड झाली असणार.’

‘म्हणजे सर, तुम्हाला चक्क पाणी विकलं त्यांनी,’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘वाइनवाल्यांना पाणी विकायचं म्हणजे हिंमत पाहिजे.’

सगळे हसले. सातवा प्रश्न रद्द झाला, त्याचे गुण सगळ्यांना मिळाले आणि पुरवठादाराकडे तक्रारीची ईमेल गेली. त्या खोलीत जिल्ह्यातली सगळ्यात तयारीची नाकं बसली होती. एवढ्या नाकांना एकाच वेळी एकच वास येत नाही म्हटल्यावर चूक बाटलीचीच असणार. वेगळी शंका घ्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही.

*

फेब्रुवारीत तोडणी संपत आली होती. अलीकडे उन्हाळा इतका लवकर सुरू होई, की जुन्या वेळापत्रकाला काही अर्थ उरला नव्हता. त्या दिवशी केतकीच्या बसमध्ये मुंबई-पुण्याची नेहमीची मंडळी होती आणि वर्ध्याचं एक जोडपं. प्रमिलाताई वासेकर जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. मुलानं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ही सहल दिली होती, आणि दोघंही ती एखाद्या सरकारी प्रशिक्षणासारखी मन लावून पार पाडत होती.

‘ग्लास पाण्यानं धुवायचा नाही,’ केतकीनं निघतानाच सांगितलं. ‘दिवसभर हाच ग्लास. पुढच्या वाइनरीत गेलो की तिथल्या वाइनचा थोडा घोट घालायचा, विसळायचा आणि बादलीत ओतायचा. पाणी लागलं की चव पातळ होते.’

‘म्हणजे खरकट्यातच प्यायचं,’ प्रमिलाताईंचे यजमान वासेकर म्हणाले.

‘यायले काय फरक पडते,’ प्रमिलाताई म्हणाल्या. ‘घरी तरी कुठं कप धुतात!’

ग्लासाची ही रीत या भागात केतकीनंच रुळवली होती. दुसरी रीतही तिचीच. शेवटच्या वाइनरीत, म्हणजे तिचा नवरा उन्मेष जिथे वाइन करायचा त्या सोनकड्यावर, ती पाहुण्यांना थेट टाकीखाली उभं करी. स्टीलच्या उंच टाकीत रस आंबत असायचा. उन्मेष खालचा नळ सोडायचा आणि प्रत्येकाच्या ग्लासात गढूळ, कोमट, फसफसणारी धार पडायची.

‘बाटलीतली वाइन गाळलेली असते,’ केतकी त्या वेळी सांगायची. ‘हिच्यात यीस्ट जिवंत आहे. आत्ता, तुमच्या ग्लासात, साखर खाऊन दारू तयार करतंय. याला आम्ही जिवंत घोट म्हणतो.’

पाहुणे फोटो काढायचे. सहलीतला हा सगळ्यांच्या आवडीचा क्षण.

प्रमिलाताईंनी ग्लास नाकापाशी नेला आणि लगेच लांब धरला. ‘कांदा सडला काय याच्यात?’

‘लासलगाव इथून जवळच आहे ना ताई,’ केतकी हसून म्हणाली. ‘आमच्या हवेलाच कांदा लागतो.’

पाहुणे हसले. हे उत्तर तिच्याकडे तयार असायचं. या हंगामात ते जरा जास्तच वापरावं लागत होतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण नवख्या नाकाला काहीही वाटतं, असं ती धरून चालली होती. प्रमिलाताईंनी नाक मुरडत अर्धा घोट घेतला. वासेकरांनी पूर्ण.

टाकीपासून जेवणघर पन्नास पावलांवर होतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि अलकामावशी भज्यांची कढई शेगडीवर चढवत होत्या. पुढे चाललेल्या प्रमिलाताई दारातच थबकल्या.

‘पेटवू नका!’

मुख्याध्यापिकेचा आवाज होता तो. अलकामावशींच्या हातातला लायटर तसाच राहिला. प्रमिलाताई आत शिरल्या, त्यांनी सिलिंडर बंद केला, खिडक्या धडाधड उघडल्या आणि पदर नाकाला लावून बाहेर आल्या. ‘बाप्पा, केवढा गॅस सुटला इथं! तुमाले कोणालेच वास नाही आला काय?’

‘मला तर न्हाई आला,’ अलकामावशी म्हणाल्या.

वासेकरही खोकत मागे सरकले. मुंबईकर पाहुणे तर केव्हाच अंगणात पळाले होते. केतकी आत गेली. शेगडीची रबरी नळी एका जागी तडकली होती. तिनं नळीच्या तड्यावर नाक टेकवलं आणि सिलिंडर क्षणभर सोडला.

फुस्स असा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. गालावर गार झुळूक लागली. वास नव्हता.

तिनं सिलिंडर बंद केला. 

‘तुमाले सर्दी झाली काय?’ प्रमिलाताईंनी बाहेरून विचारलं.

‘नाही.’

‘मग? सडक्या कांद्यासारखा वास येऊन राहिला, अन् तुमी नाक लावून उभ्या!’

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक वास मिसळतात, इतका उग्र की कोट्यवधी थेंबांत एक थेंब असला तरी माणूस दचकतो. तो मर्कॅप्टनचा असतो. केतकीला हे ठाऊक होतं. ती पाहुण्यांना गंमत म्हणून सांगायचीसुद्धा. आता ते आठवलं आणि त्याबरोबर सातवी बाटली डोळ्यांपुढे आली. ती रिकामी नव्हती.

*

पाहुण्यांची बस रवाना करून ती थेट उन्मेषच्या प्रयोगशाळेत गेली. प्रयोगशाळा म्हणजे टाक्यांच्या मागची काचेची खोली. तिनं जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. उन्मेषनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि ती गोष्ट तिला सगळ्यात जास्त खटकली. एरवी तो कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही.

उन्हाळा अलीकडे सरकला तसं द्राक्षात साखर वाढली आणि यीस्टला लागणारं नत्र घटलं. उपाशी यीस्ट गंधकाचे वायू सोडतं. आधी सडक्या अंड्याचा वास, मग सडक्या कांद्याचा. जुने लोक अशा वाइनमध्ये चिमूटभर मोरचूद टाकायचे. मोरचुदातलं तांबं गंधकाला पकडतं आणि वास बसतो. पण सहा वर्षांपूर्वी सोनकड्याची अख्ख्या हंगामाची वाइन बाजारातून परत आली, तेव्हा मोरचुदानंही हात टेकले होते. त्यानंतर उन्मेषनं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेबरोबर नवं यीस्ट घडवलं. त्याचं नाव एन-चौदा. हे यीस्ट आंबताना एक छोटंसं प्रथिन सोडायचं. ते प्रथिन तांबं पकडून ठेवायचं आणि त्या तांब्याच्या जोरावर मर्कॅप्टनला जखडायचं. म्हणजे मोरचुदाचंच काम, पण आतून. पहिल्याच वर्षी चाखणाऱ्यांनी सोनकड्याच्या वाइनला निर्दोष म्हटलं.

‘आणि मर्कॅप्टन मोजायचं यंत्र?’ केतकीनं विचारलं. ‘यंत्रानं किती दाखवलं?’

उन्मेषनं स्क्रीन तिच्याकडे वळवला. ‘पहिल्या वर्षी निम्मं गेलं होतं. निम्मं उरलं होतं.’

‘चाखणाऱ्यांनी किती सांगितलं?’

‘शून्य. सगळ्यांनी.’

‘मग तू काय धरलंस?’

‘नाक धरलं. या धंद्यात यंत्रापेक्षा नाक मोठं. पाहुण्यांना तूच सांगत असतेस ना?’ तो खुर्चीत मागे रेलला. ‘मला वाटलं यंत्र बिघडलंय. दुरुस्तीवाल्याला दोनदा बोलावलं.’

केतकी उभीच होती. ‘म्हणजे वास वाइनमधून गेलाच नाही. आपल्या नाकातून गेला.’

उन्मेष काचेपलीकडच्या टाक्यांकडे वळला. मग तो बोलू लागला, तेव्हा त्याचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा सपाट होता. नाकाच्या वरच्या टोकाला वास ओळखणाऱ्या पेशी असतात. प्रत्येक प्रकारच्या वासाला वेगळं कुलूप. गंधकाच्या वासाचं कुलूप उघडायला तांब्याचा एक कण लागतो. तो कण काढून घेतला, तर तेवढं एकच कुलूप बंद पडतं. मोगरा, कॉफी, पेट्रोल, सगळं व्यवस्थित येत राहतं, त्यामुळे काही गेलंय हे माणसाला कळतच नाही. आणि एन-चौदाचं प्रथिन तर तांबं ओढून घेण्यासाठीच घडवलेलं होतं.

‘पण ते टाकीत असतं,’ केतकी म्हणाली. ‘नाकात कसं पोचलं?’

‘गाळलेल्या वाइनमधून नाही पोचणार. जिवंत यीस्ट घशात गेलं, तिथे मागच्या बाजूला ओलाव्यात टिकलं, वाढलं, तरच.’

जिवंत यीस्ट. केतकी खुर्चीवर बसली.

‘हे यीस्ट अजून कोणत्या वाइनरीला दिलंस?’

‘कुणालाच नाही. आपल्याखेरीज कुणाकडे नाही.’

‘मग परीक्षेत बाकीच्या गाइडना वास का आला नाही? त्यातले निम्मे सोनकड्यावर कधी आलेले नाहीत.’

उन्मेषनं मान वळवली. कोपऱ्यातल्या रॅकमध्ये दिवसभर फिरून आलेले ग्लास उलटे टांगलेले होते. जिवंत घोट झाला की संध्याकाळी घाईत विसळायचे, आणि सकाळी पुन्हा एका वाइनरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, पाणी न लावता. विसळण बादलीत, बादली खतखड्यात, खत बागेत. तिनं एकेक ठिकाण आठवून पाहिलं. तिची बस जिथे जिथे थांबत आली होती, तिथल्या वाइन गेल्या दोन हंगामांत निर्दोष ठरल्या होत्या, आणि प्रत्येक वाइनमेकर त्याचं श्रेय स्वतःला देत होता.

‘आजच्या पाहुण्यांना फोन करते,’ ती म्हणाली.

‘काय सांगशील? घसा खरवडा?’

‘औषध नाही का यावर?’

‘बुरशीवरची औषधं आहेत. पण हे चिवट आहे, केतकी. आपणच तसं केलंय.’

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासूबाईंकडे गेली. कौसल्याबाई वाइनरीच्या मागच्या बाजूला जुन्या घरात स्वतंत्र राहायच्या. वाइनच्या बाटलीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता, आणि मुलाच्या धंद्याला त्या ‘कारखाना’ म्हणायच्या. कांद्याची मात्र त्यांना भारी पारख. कांदा साठवायच्या अख्ख्या चाळीत एक जरी नासला तरी दारातून सांगायच्या, डाव्या अंगाला बघा.

त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेजारीच कांद्याची टोपली. केतकीनं टोपलीत हात घातला आणि तिची बोटं लिबलिबीत रसात रुतली. खालचा सगळा थर सडला होता. टोपलीखाली काळं पाणी साचलं होतं, त्यावर चिलटं घोंगावत होती.

‘आई, हे कांदे बघितलेत का?’

‘का, काय झालं?’ कौसल्याबाईंनी चष्मा सारखा केला. ‘अगो बाई! कधी नासले गं हे?’

केतकीनं एक कांदा त्यांच्या नाकाशी धरला. ‘वास येतोय?’

कौसल्याबाईंनी हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि सुनेकडे चमत्कारिक नजरेनं पाहिलं. ‘मला गं काय झालं? म्हातारी झाले का काय?’

‘नाही आई.’

‘मग?’

रोज संध्याकाळी त्या उन्मेषच्या ताटाशेजारी बसायच्या. त्याच्या वाटीतली उरलेली आमटी वाया नको म्हणून पिऊन टाकायच्या. चुलीची सवय सुटून त्यांना आता बरीच वर्षं झाली होती. खोलीच्या कोपऱ्यात लाल सिलिंडर उभा होता.

‘गॅसला आजपासून हात लावायचा नाही,’ केतकी म्हणाली. ‘जेवण मी पाठवीन.’

‘आता माझी चूलही बंद करता का तुम्ही?’

‘विजेची शेगडी आणून देते.’

‘तुझ्या नवऱ्यानं काहीतरी केलंय,’ कौसल्याबाई म्हणाल्या. ‘तोंडावर दिसतंय तुझ्या.’

*

त्याच आठवड्यात वणीच्या रस्त्यावरच्या एका फार्मस्टेचं स्वयंपाकघर उडालं. मालकीण आणि तिची जाऊ जागच्या जागी गेल्या. सकाळचा चहा ठेवताना स्फोट झाला होता. शेजारच्या खोलीत घरची चार माणसं तासभर गप्पा मारत बसली होती. पोलिसांनी चौघांनाही विचारलं. वास आल्याचं एकानंही सांगितलं नाही.

चौकशीला पुण्याहून गॅस सुरक्षेच्या अभियंता लतिका साने आल्या. केतकी त्यांना घटनास्थळीच जाऊन भेटली. काळवंडलेल्या भिंतीपाशी उभं राहून साने म्हणाल्या, ‘कोठीतला दुसरा सिलिंडर आत्तापर्यंत थोडा गळत होता. मी फाटकातून आत आले तेव्हाच मला कळलं. इथं मात्र कालपासून पोलीस, पत्रकार, नातेवाईक, सगळे त्याच्या शेजारी उभे आहेत. मला हे समजत नाहीये.’

केतकीनं त्यांना समजावलं.

वाइनरी संघाची बैठक सोनकड्यावरच झाली. अध्यक्ष दौलतराव मोगल, बाकीचे मालक, उन्मेष, केतकी. सान्यांनी एक छोटी कुपी टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि लगेच तोंड फिरवून रुमाल नाकाला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. टेबलाभोवतीचे बाकी सगळे शांतपणे कुपीकडे बघत राहिले. दौलतरावांनी तर ती उचलून नाकाखाली धरली आणि जत्रेतल्या खेळण्यासारखी फिरवून पाहिली.

‘हे नाटक तर नाही ना मॅडम?’

‘रस्त्यावरून बाहेरगावची कुठलीही गाडी थांबवा,’ साने म्हणाल्या, ‘आणि ड्रायव्हरला आत बोलवा.’

दौलतरावांनी खरंच माणूस पाठवला. परराज्यातला एक ट्रकवाला दारापर्यंत आला, शिवी हासडून परत गेला. त्यानंतर कुणी नाटक म्हटलं नाही.

‘बरं. मग करायचं काय?’

सान्यांनी सांगितलं. चालू हंगामाचा सगळा रस नष्ट करायचा. टाक्या, नळ, बादल्या वाफेनं धुवायच्या. पाहुणे बंद. घरोघरी तपासणी, औषधं. उत्सव रद्द.

तोडणीचा उत्सव आठ दिवसांवर आला होता. त्या दिवशी चार जिल्ह्यांतून माणसं यायची आणि प्रत्येक जण टाकीखाली ग्लास धरायचा. आता उत्सवाची मुख्य जाहिरातच त्या घोटाची होती.

‘तुमचा अहवाल कधी जाईल?’ दौलतरावांनी विचारलं.

‘उद्या.’

‘आणि हुकूम?’

सान्यांनी कुपीचं झाकण लावलं. ‘वरून तपासणी होईल. महिना तरी जाईल.’

‘मग महिन्यानं हुकूम पाळू,’ दौलतराव म्हणाले. आवाजात उर्मटपणा नव्हता, थकवा होता. ‘हे बघा, मी कुणाला मारायला बसलेलो नाही. फाटकावर प्रत्येक पाहुण्याला गॅसचा अलार्म भेट देऊ. नाक गेलं तर यंत्र आहे. चष्मा लावतोच ना माणूस?’

‘अलार्म खोलीत लागतो,’ केतकी म्हणाली. ‘नाक माणसाबरोबर फिरतं. आणि त्यांच्या घरच्यांचं काय? माझी सासू वाइन पीत नाही.’

‘वहिनी, उत्सव थांबवला तर आपण सगळे घरी बसू. कायमचे.’

उत्सव करायचा, यावर हात वर करून मत घेतलं. केतकी उन्मेषकडे बघत होती. उन्मेष टेबलाकडे बघत होता. बाकीचे सगळे हात वर गेले, आणि मग त्याचाही गेला.

बैठक संपल्यावर तो तिच्या मागे आला. ‘एवढा एक हंगाम, केतकी. पुढच्या वर्षी मी स्वतः सगळं मारून टाकीन.’

‘टाकीतलं मारशील. लोकांच्या घशातलं?’

‘मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? एका मतानं काय फरक पडतो?’

‘मला पडला असता.’

 मग त्यानं विचारलं, ‘त्या दिवशी तू येशील ना? टाकीपाशी बोलायला दुसरं कुणी नाही.’

केतकीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. ‘येईन,’ ती म्हणाली. ‘मीच बोलीन.’

*

उत्सवाच्या दिवशी ऊन कडक होतं. टाक्यांच्या सावलीत रांग लागली होती, तिचं शेवटचं टोक बागेत शिरलं होतं. प्रत्येकाच्या एका हातात रिकामा ग्लास आणि दुसऱ्या हातात अलार्मचा खोका. उन्मेष नळापाशी उभा होता. केतकीनं माइक हातात घेतला.

आज ती गमतीचं काही बोलली नाही. टाकीत काय आहे, ते घशात गेल्यावर कुठे जाऊन राहतं, नाकातलं कुठलं कुलूप बंद पडतं, हे तिनं एकामागून एक सांगितलं. वणीच्या रस्त्यावरच्या दोन बायकांबद्दल सांगितलं. ‘हा घोट घेतलात तर काही दिवसांनी गळणाऱ्या गॅसचा वास तुम्हाला येणार नाही,’ ती म्हणाली. ‘तुमच्याबरोबर जेवणाऱ्यांनाही येणार नाही. मग तो परत यावा म्हणून आमच्याकडे आज खात्रीचा इलाज नाही. तुम्ही मागे फिरावं, एवढंच मला सांगायचंय.’

दौलतराव गर्दीतून वाट काढत माइकच्या दिशेनं येऊ लागले. उन्मेषनं नळावरचा हात काढून घेतला. रांग स्तब्ध झाली. पुढचे काही जण ग्लास खाली करून एकमेकांकडे बघू लागले. एका तरुण जोडप्यानं लहान मुलाला उचललं आणि ते फाटकाकडे चालू लागलं. त्यांच्यामागे आणखी काही जण वळले. 

‘ताई, एक विचारू?’ रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका बाईनं हात वर केला. चाळिशीची, कामावर जाणारी बाई वाटत होती. खांद्याला डब्याची पिशवी. ‘म्हणजे फक्त गॅसचाच वास जातो का? का गटाराचा पण?’

‘तोही त्याच कुळातला,’ केतकी म्हणाली. ‘तोही जातो.’

‘नाल्याचा?’

‘हो. पण तुम्ही नीट ऐका...’

‘आमच्या इमारतीच्या मागे नाला आहे,’ बाई म्हणाली. ती केतकीशी बोलत होती, पण ऐकत सगळी रांग होती. ‘नऊ वर्षं झाली, खिडकी उघडलेली नाही. पोरगी मैत्रिणींना घरी आणत नाही. सासरचे येतात ते नाकाला रुमाल लावूनच बसतात, जेवत नाहीत.’

‘आमच्याकडे कचराडेपो आहे,’ मागून एक जण म्हणाला.

‘आमच्याकडे चामड्याची टॅनरी.’

‘अहो, मी सांडपाण्याच्या प्लांटवर आहे,’ एक उंच माणूस पुढे येऊन म्हणाला. ‘अंगाचा वास घरी जाईपर्यंत जात नाही. बायको वेगळी झोपते.’

‘दादा, तुम्ही तर मुळीच नका घेऊ,’ केतकी त्याला म्हणाली. ‘तिथला वायू माणूस मारतो. वास आला की बाहेर पळायचं, हीच तुमची खूण आहे.’

‘वास तर रोज येतो ताई,’ तो समजुतीच्या सुरात म्हणाला. ‘रोज कुठं पळतोय आम्ही?’

कुणी हसलं नाही. फाटकाकडे निघालेल्यांपैकी काही जण थांबले होते. मागे काय चाललंय ते पुढच्यांना विचारत होते, आणि उत्तर ऐकून परत रांगेत शिरत होते. दौलतराव माइकपासून चार हातांवर येऊन उभे राहिले होते. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, मग केतकीकडे, आणि माइक काढून घ्यायला उचललेला हात खाली घेतला. आता त्याची गरज नव्हती.

‘उन्मेष, सोडू नकोस,’ केतकी म्हणाली. माइक चालू होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

उन्मेषनं तिच्याकडे पाहिलं. बाई ग्लास धरून त्याच्या पुढ्यात उभी होती आणि तिच्या मागे बागेपर्यंत माणसं होती. ‘मी नाही सोडला तर ते स्वतः सोडतील,’ तो म्हणाला, आणि त्यानं नळ सोडला.

बाईनं ग्लास एका दमात संपवला. मग पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढून नळाखाली धरली. ‘शेजारणींना पण पाहिजे,’ ती म्हणाली. बाटली भरत आली तशी तिनं मान वळवून केतकीला विचारलं, ‘फ्रिजमध्ये ठेवली तर हे मरणार तर नाही ना?’

केतकीनं माइक बंद केला.

‘नाही मरत,’ रांगेतून कुणीतरी ओरडून सांगितलं. ‘थंडीत नुसतं झोपतं. झाकण मात्र सैल ठेवा.’

बाईनं झाकण अर्धा आटा सैल केलं, बाटली डब्याशेजारी उभी ठेवली आणि पुढच्याला जागा करून दिली.